वखारीतली कल्हई

कथील चिकटेना.

तान्नाने डाग द्यायची विजेची कांडी तापवली, कथलाची तार टोकाला टेकवली, तर कथील वितळून त्याची गोळी झाली आणि कोबीच्या पानावरून पाणी घरंगळावं तशी खाली फळीवर पडली. तिने पुन्हा तार लावली. पुन्हा गोळी, पुन्हा फळीवर.

"हे काय नखरे आज?" ती त्या टोकाला म्हणाली.

तिचा नवरा मारीन दारात उभा होता, बुटांना वखारीतली माती, हातात टोपी. "किती वेळ लागेल?"

"आत्ता कुठे बसलेय मी."

"तसं नाही. कांद्यांकडे किती वेळ आहे म्हणतोय."

"ते तू मला सांगायचं, कांदे तुझे," तान्ना म्हणाली. तिने कांडी बंद केली आणि दुसरं टोक काढायला घेतलं.

कांदे त्याचे एकट्याचे नव्हतेच. वर्षाचं जे काही त्या घरात येणार होतं ते त्या ढिगात होतं. यंदा सप्टेंबरात पाऊस हटला नाही. आमच्या झीलंडच्या समुद्रकाठी कांदा उपटून शेतातच ओळीने पसरतात, वाऱ्यावर सुकला की उचलतात. यंदा वारा आला तो पाणी घेऊनच. ओळीतच कांद्याला हिरवे कोंब दिसायला लागले तेव्हा मारीनने ओले ते ओले उचलून वखारीत आणून टाकले. दोन पुरुष उंचीचा ढीग. वखारीची जमीन फटींची असते, खालून गरम हवा सोडतात. पहिले काही दिवस ती ऊब मिळाली की कांद्याची मान सुकून मिटते. नाही मिटली तर कुज आत उतरते. वरून कांदा छान तांबूस, चकचकीत. आत शेंबूड. आणि ते कळतं जानेवारीत, गिऱ्हाइकाने ट्रक परत पाठवला की.

मी हंगामात त्यांच्याकडे सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून कांद्यातली ढेकळं वेचते. त्या सोमवारी सकाळी मारीन सहज हवेच्या जाळीवर हात ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पंखे घरघरत होते, पण हवा गार होती. हवा तापवणारा बर्नर पेटत नव्हता. पंखे नुसते हाताने चालवता येतात, पण बाहेरची दमट हवा आत ओढून कांदा सुकत नाही, सादळतो. बर्नर पेटवायचं काम भिंतीवरच्या डब्याचं. कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, गुरुवारी माणूस येईल.

"गुरुवारी त्याला सूप करून वाढतो," मारीन म्हणाला. "कांद्याचं."

तान्नाने डबा उतरवला, झाकण काढलं आणि आतली तांब्याच्या रेघांची हिरवी पाटी भिंगाखाली धरली. वर्षानुवर्षं पंख्यांच्या कंपनाने पाटीवरच्या भागांच्या जाड पायांच्या सांध्यांना बारीक गोल चिरा पडल्या होत्या, वाळलेल्या चिखलाला पडतात तशा. "एवढंच आहे," ती म्हणाली होती. "सांधे नव्याने भरायचे. जेवायच्या आत होईल."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर हसले असते लोक, पण तान्ना म्हणाली की गावात कोणी हसत नाही. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. बिघडलेला रेडिओ उघडून, पुन्हा बिघडवून, पुन्हा उघडून ती शिकली. आता लोक सायकलच्या पिशवीतून गाईंच्या कुंपणाचे विजेचे डबे, शिवणयंत्रं, म्हाताऱ्यांची कानयंत्रं घेऊन येतात आणि ओट्यावर ठेवून जातात. तिचं टेबल मी कितीदा पाहिलंय. भोकं पाडलेली एक लाकडी फळी आणि त्यात ओळीने उभी पाच टोकं. बारीक सुईसारखं, तिरपं कापलेलं, रुंद छिन्नीसारखं, अशी. प्रत्येकाच्या नाकाला कथलाचा मळकट थेंब. काम झालं की ती टोक ओल्या स्पंजावर टिपते आणि कांडी बंद करण्याआधी पुन्हा ताजं कथील माखते. "पोरांना नाक पुसून झोपवतात," ती म्हणते, "यांना नाक माखून." तो थेंब हवेला आत शिरू देत नाही. त्यामुळे तिची टोकं वर्षंच्या वर्षं टिकतात.

आज पाचही टोकं लखलखत होती.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने सुईसारखं टोक भिंगाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग मला म्हणाली, "नेल, तू बघ. माझे डोळे फसवत असतील."

मी पाहिलं. टोकावर तिरप्या, समांतर रेघा होत्या आणि रेघांच्या आत लालसर झाक.

"कानस," तान्ना म्हणाली. तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई!"

दिंगेनामावशी एप्रनला हात पुसत आल्या. मारीनची आई. जुलैत त्यांचे यजमान इझाककाका गेले आणि मावशी बांधाखालचं आपलं घर बंद करून मुलाकडे आल्या. काका पन्हाळी आणि जस्ताची छपरं करायचे. या भागातल्या निम्म्या घरांवरचा पाऊस त्यांच्या हातच्या पन्हाळीतून खाली येतो. मावशींचा शनिवार सगळ्या गावाला माहीत. आमच्याकडे रविवारी काम नाही. दोनदा चर्च, मध्ये थंड जेवण. त्यामुळे जे काही घासायचं ते शनिवारी. पण मावशी घासत ते वेगळंच. पायरी, पायरीखालची फरशी, फरशीखाली हात गेला असता तर तीही. मुलाच्या घरी आल्यावर त्यांना घासायला काही उरलं नव्हतं. भांड्यांना मशीन, फरशीला मशीन. "पाहुणीसारखी बसवलीय मला," त्या पट्ट्यापाशी येऊन मला सांगत, आणि सांगता सांगता माझ्यासमोरचं एखादं ढेकूळ उचलून टाकत.

"आई, ही टोकं कोणी घासली?"

"मी." मावशींचा चेहरा उजळला. "शनिवारी. किती माखून ठेवली होतीस गं. रविवारी अशी ठेवतात का? इझाकची डागणी दर शनिवारी मीच घासायची. तांब्याचं हे एवढं डोकं. आधी कानस, मग राख, मग फडकं. सोमवारी त्याने हातात घेतली की आरसा."

मावशींनी एकेकाचं तोंड पाहिलं.

"आई!" मारीन म्हणाला. "वर्षाचा कांदा तिथे सडतोय आणि तू... नेल, ऐकलंस? आता आरशात बघत बसू या सगळे."

"मारीन, तू वखारीत जा," तान्ना म्हणाली.

"जाऊन काय करू?"

"दारं लावून घे. दमट हवा आत येतेय."

तो गेला. जाताना दार त्याने आपटलं नाही, आमच्याकडे आपटत नाहीत, पण फार हळू लावलं.

मावशी एप्रनची गाठ सोडायला लागल्या. गाठ मागे होती, बोटं वाकडी, सुटेना. मी पुढे झाले तर त्यांनी खांदा काढून घेतला. "काय झालं ते मला सांगा तरी," त्या म्हणाल्या. "मारायचं तर सांगून मारा."

तान्नाने टोक त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बाबांचं डोकं आतून बाहेरून तांब्याचं होतं, आई. हे आतून तांबं आणि वरून लोखंडाचा मुलामा. मुलामा कागदापेक्षा पातळ. कथील तांब्याला खातं, लोखंडाला सहज खात नाही, म्हणून तो चढवलेला असतो. बाबांचं मुठीएवढं होतं, खाऊन खाऊन किती खाणार? हे माझ्या करंगळीच्या नखाएवढं."

"म्हणजे मी साल सोलली."

"हो."

"पाचांचीही?"

"पाचांचीही."

मावशींनी टोक फळीच्या भोकात परत ठेवलं, नीट, सरळ. मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ना आत, ना बाहेर.

तान्नाला जेवढं येत होतं तेवढं तिने सगळं करून पाहिलं. मारीनने फोन फिरवले. खूस गावातलं सुट्या भागांचं दुकान सोमवारी दुपारपर्यंत बंद, आणि असली टोकं ते मागवून देतात, ठेवत नाहीत. गॅरेजवाल्याची कांडी अंगठ्याएवढी जाड, तिने पाटीवरची तांब्याची रेघच उखडून आली असती. तान्नाने आच कमी केली. टोक गार असतानाच त्याला राळ फासली, कथलाची तार त्याच्याभोवती घट्ट गुंडाळली आणि मग कांडी चालू केली, म्हणजे टोक तापतं न तापतं तोच कथील त्याला कवळेल. श्वास धरून बसलो. तार ढिली झाली, चमकली, एका अंगाने टोकावर पसरली. एका अंगानेच. दुसरं अंग काळं ते काळंच.

"असू दे, अर्ध्या तोंडाने तर अर्ध्या तोंडाने," ती म्हणाली आणि कामाला लागली. पहिला सांधा भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला टोक पाटीवर टेकवलं तर कथील पुन्हा गोळी. भिंगाखाली पाहिलं तर टोकाला खड्डा पडला होता, किडक्या दाढेसारखा.

तान्ना मागे टेकली. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला नाही की काही नाही, नुसती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मला वाटतं आतापर्यंत तिने एकही काम कधी अर्ध्यात टाकलं नव्हतं.

वखारीतून मारीन येऊन गेला. "वरच्या थराला वास सुटलाय," एवढंच म्हणाला. दाराशी आईला ओलांडताना त्याने अंग चोरलं.

मावशी दारातूनच म्हणाल्या, "आता त्याचं तांबंच झालंय ना?"

"हो, आई."

"मग तांब्यासारखं वागव की त्याला."

तान्नाने मान वर केली.

"लोखंडाचे लाड कशाला करतेस, लोखंड गेलं. कथील खातं तर खाऊ दे. खाल्लं की कानस मार, नवसागरावर घास, कल्हई चढव, पुन्हा खाऊ घाल. इझाक छपरावर दिवसभर हेच करायचा. पाच आहेत ना? पाच पुरतील."

"नवसागर पाटीला चालत नाही, आई. थोडा जरी राहिला तरी महिन्याभरात सगळं तांबं हिरवं पडेल. मग जानेवारीत पुन्हा हेच."

"राहणार नाही. पुसून देईन." मावशींनी एप्रनची गाठ, जी सुटलीच नव्हती, पुन्हा आवळली. "पुसणं मला येतं."

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि काकांची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत कानशी, कापडात गुंडाळलेल्या, आणि नवसागराची वडी. राखाडी पांढरी, मध्ये खोलगट झिजलेली, जशी जुन्या चर्चची पायरी झिजते.

तान्नाकडे कांड्या दोन होत्या, एक नवी, एक पहिली जुनी. एक तिच्या हातात, एक मावशींच्या. मावशींनी बारीक कानस निवडली, टोक टेबलाच्या कडेला टेकवून दोनदाच, अलगद ओढली. काळं गेलं, गुलाबी तांबं दिसलं. लगेच नवसागरावर टोक फिरवलं. पांढरा धूर भस्सकन वर आला, नाकात सुयांसारखा शिरला. कथील टेकवलं मात्र, ते टोकाभोवती असं पळालं की मला हसूच आलं. चारी बाजूंनी, एका क्षणात. पातळ, चकचकीत कल्हई.

"बघ," मावशी म्हणाल्या, पण तान्नाला नाही, टोकाला. मग त्यांनी ते ओल्या फडक्यावर पुसलं, पुन्हा ताजं कथील माखलं, पुन्हा पुसलं, फडक्याची घडी बदलून आणखी एकदा माखून पुसलं.

"पुरे, आई."

"पुरे कधी ते मी ठरवणार. घे."

तान्नाने कांडी घेतली, आपली त्यांच्या हातात दिली. सांधा, सांधा, सांधा. वितळलेलं जुनं कथील शोषून काढायचं, नवं घालायचं, पाय हलू द्यायचा नाही. तोवर मावशींची कानस, धूर, कल्हई, फडकं. टोकाला खड्डा पडला की कांड्यांची अदलाबदल. मी खिडक्या उघडल्या. पाऊस तिरपा आत आला, तरी उघड्याच ठेवल्या. तिघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्या दोघींचे हात मोकळे नव्हते; माझे होते, पण मी विसरले.

"एवढी दाबू नका कानस. संपेल ते."

"तू तुझ्या पाटीकडे बघ. श्वास रोखून धरलायस."

"नाही धरलेला."

"मग श्वास घे. छपरावर इझाक श्वास घ्यायला विसरायचा. मी खालून ओरडायची."

"तुम्ही जास्त घासता म्हणून बाबा ओरडायचे, असं मारीन सांगतो."

"ओरडायचा की."

"मग तुम्ही काय करायचात?"

"आणखी घासायची."

तान्ना हसली, आणि हसताना कांडी पाटीपासून वर उचलायचं तिला भान होतं. हे मी पाहिलं. त्या दोघींचे हात पाहत राहावे असे होते. एकीचे सुकलेले, गाठींचे, आणि तरी कानशीवर असे हलके की जणू पिलाचं अंग चोळताहेत. दुसरीचे जाड बोटांचे, बटाटे काढणारे, आणि केसाएवढ्या फटीत कथील नेऊन ठेवणारे. जुलैपासून एका घरात होत्या, पण एका कामावर पहिल्यांदाच.

सुईसारखं टोक आधी संपलं. मग तिरपी दोन. संपलं म्हणजे खरंच संपलं, कानशीने धरायलाही उरलं नाही. चौथंही गेलं. शेवटी रुंद छिन्नी राहिली आणि राहिला बर्नरच्या जोडणीचा जाड सांधा, सगळ्यांत जास्त ऊब खाणारा. छिन्नीचं टोक तोवर उंदराच्या दातासारखं झालं होतं.

"एकदाच घासता येईल," मावशी म्हणाल्या. या खेपेला त्यांनी कानस उचलली, ठेवली, आणि नुसतं नवसागरावर टोक फिरवलं. "तांबं वाचवते," म्हणाल्या. कल्हई चढली. पुसलं, माखलं, पुसलं, माखलं. कांडी दोन्ही हातांनी पुढे केली.

तान्नाने टोक आडवं टेकवलं, जास्तीत जास्त अंग लागावं म्हणून, आणि थांबली. कथील वितळायला तयार नव्हतं. ती नुसती थांबली. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याला आला तेव्हा मावशींनी हात पुढे करून आपल्या एप्रनच्या कोपऱ्याने तो टिपला. तेवढ्यात सांध्याची कडा ओली झाली. कथील आत शिरलं, पायाभोवती चढलं आणि बसलं. चकचकीत, गोल, चिरेशिवाय.

"हलू नकोस," मावशी कुजबुजल्या.

"मी हलत नाहीये. तुम्ही माझ्या नाकावरून हात काढा."

मग तान्नाने पाटीवर स्पिरिट ओतलं, जुना दात घासायचा ब्रश शोधला आणि तो मावशींच्या हातात दिला. "नवसागराचा कणही राहता कामा नये. घासा. हवं तेवढं घासा."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. चेष्टा आहे की काय ते तपासलं. नव्हती. त्या खुर्चीवर बसल्या, पाटी मांडीवर घेतली आणि त्यांनी जे घासलं! कोपरे, पायांच्या आजूबाजूचे, उलट बाजूने, सुलट बाजूने. तान्नाने दोनदा भिंग लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा मुकाट्याने ठेवून दिलं. मारीन येऊन दारात उभा राहिला. त्याला घाई होती, ते दिसत होतं, पण तो टोपी हातात फिरवत थांबला.

डबा भिंतीवर चढला तेव्हा दुपारच्या कॉफीची वेळ कधीच टळून गेली होती. मारीनने खटका दाबला. पंखे लागले. एवढं तर सकाळीही होत होतं. आम्ही चौघं जाळीपाशी उभे. काही नाही. काही नाही. मग भिंतीपलीकडे टक् झालं आणि पाठोपाठ मोठा दमदार श्वास सोडावा तसा बर्नर पेटला.

मारीनने जाळीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "हवा ऊन आहे," तो म्हणाला. मग घरात गेला आणि कपभर कॉफी घेऊन आला. कप आईला दिला. त्या घरात मारीनने कॉफी केलेली मी आजवर पाहिली नव्हती, आणि मावशींनीही पाहिली नसावी, कारण त्यांनी कपात नीट डोकावून पाहिलं.

"कप धुतला होतास ना?"

"धुतला होता, आई."

"मग असू दे," मावशी म्हणाल्या आणि प्यायल्या.

टोकं नवी मागवली. बुधवारी पाकीट आलं. तान्नाने पाचही टोकांना पहिल्याच तापाला कल्हई दिली आणि नाकं माखून फळीत उभी केली. मावशी शेजारी बसून पाहत होत्या. मध्येच त्यांचा हात फडक्याकडे गेला, आणि त्यांनी तो परत आणून मांडीवर ठेवला.

त्याच दुपारी मारीनने हाक मारली. आम्ही वखारीत गेलो. ओल्या पालापाचोळ्याचा वास गेला होता, सुकलेल्या सालींचा ऊबदार, थोडा गोडसर वास होता. मारीन ढिगाच्या उतारावर उभा राहून आईला हात देत होता. मावशींनी हात घेतला नाही. त्यांनी बाही वर सारली, काळ्या झग्याची, अगदी खांद्यापर्यंत, आणि ढिगात हात खुपसला. कोपर गेलं. कोपराच्या वर गेलं. त्यांनी आतल्या आत मूठ उघडली, मिटली. डोळे मिटलेले.

मान सुकली की कांद्याला आवाज येतो. ओला कांदा हाताशी गप्प राहतो.

"काय म्हणतोय?" तान्नाने विचारलं.

"श्श्," मावशी म्हणाल्या. "ऐकू दे."

मग आम्हालाही ऐकू आलं. त्यांच्या दंडाभोवती, आणि तिथून आत, खोल, सबंध ढीग सळसळत होता.